अकरा त्रुटी

घराचा नकाशा पहिल्याच खेपेला मंजूर करून आणावा तो नकाशेवालीनं, असं सगळे सांगतात. बसथांब्यामागच्या तिच्या अरुंद ऑफिसात एक उतरतं टेबल, दोन खुर्च्या आणि कोपऱ्यात उभी केलेली माणसांची गुंडाळलेली घरं. नगरपालिकेचे नियम तिला तोंडपाठ. कुणी कौतुक केलं की म्हणते, मला शिकवणारा फार नामी होता. हसत म्हणते, पण ते हसणं काही खरं नव्हे.

शिकवणारा म्हणजे त्रुटीसाहेब. बांधकाम विभागात तीस वर्षं नकाशे तपासले त्यांनी. लाच? छे, घोटभर चहासुद्धा कुणाचा घेतला नाही. अहो, खाणारा परवडला, निदान खाऊन मोकळा तरी करतो! यांची खोड वेगळीच. नकाशात दहा चुका असल्या तरी सांगायची एक. ती सुधारून आणली की पंधरा दिवसांनी दुसरी. म्हणे, एकदम सांगितलं की लोक शिकत नाहीत.

नकाशेवाली तेव्हा दुसऱ्याच्या हाताखाली रेघा ओढत होती. ती आणि तिची आई, तिसऱ्या मजल्यावर भाड्याची खोली. एक पाय अधू झाल्यापासून आई जिना उतरलीच नव्हती. तिचं मागणं ते काय, तर दारात खुर्ची टाकून बसावं आणि येणाऱ्याजाणाऱ्याशी दोन शब्द बोलावेत. लेकीनं पोटाला चिमटा काढून शहराच्या कडेला तुकडाभर जागा घेतली आणि घराचा नकाशा स्वतः काढला. रस्त्याकडच्या खोलीला रुंद दार दिलं आणि खोलीच्या मधोमध लिहिलं, ‘आईची खोली’.

मग सुरू झाल्या खेपा. एकदा उत्तरेचा बाण नाही. एकदा गच्चीचा जिना दोन इंच अरुंद. एकदा मैल्याची टाकी भिंतीला फार जवळ. उंबरे झिजवून तिच्या नाकी नऊ आले. दहावी त्रुटी सुधारून दिली आणि त्याच आठवड्यात आई गेली. शेवटी एकदाची तो जिना उतरली, पण चौघांच्या खांद्यावरून.

पंधरा दिवस भरल्यावर ती फाइल घ्यायला गेली. अकरावा शेरा तयार होता: ‘आईची खोली असा वापर नियमात नाही, शयनकक्ष लिहावे.’ तिनं त्यांच्याच टेबलावर ब्लेडनं ती अक्षरं खरवडली आणि शयनकक्ष लिहिलं. साहेबांनी शिक्का मारला. म्हणाले, “बघा, आता कसा निर्दोष झाला!”

हातात ब्लेड होतं आणि समोर त्यांचा हात होता. जाऊ द्या. तिनं ब्लेड पर्समध्ये टाकलं आणि डूख धरला तो कायमचा. घर बांधलं, राहतेही तिथंच, पण रस्त्याकडच्या खोलीचं दार ती उघडत नाही.

पण म्हणतात ना, कधी गाडीवर नाव, कधी नावेवर गाडी. निवृत्त झालेले त्रुटीसाहेब गेल्या वर्षी तिच्या ऑफिसची पायरी चढले. बायकोचे गुडघे गेलेले आणि राहायला चौथा मजला, म्हणून जमिनीलगतचं छोटं घर बांधायचं होतं. त्यांनी ओळख दाखवली नाही. तिनंही ताकास तूर लागू दिली नाही. मनात म्हणाली, या साहेब, तुमचीच वाट बघत होते.

नकाशा काढला आणि उत्तरेचा बाण तेवढा मुद्दाम गाळला. पंधरा दिवसांनी फाइल परत. तिनं चुकचुकत बाण घातला आणि जिना दोन इंच अरुंद केला. पुन्हा परत. मग टाकी. आपले जुने शेरे तिनं जपून ठेवले होते, त्याच क्रमानं ती चालली होती. साहेब दर वेळी टेबलावर वाकून नकाशा या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत बघायचे, मुकाट्यानं गुंडाळायचे आणि बस पकडायचे. त्या दिवशी तिला दोन घास जास्त जायचे. नगरपालिकेत कुजबुज सुरू झाली, बाईंचा हात बिघडला म्हणून. बिघडू दे! तिला त्याचं काडीचं वाटलं नाही.

सातव्यांदा फाइल परत आली तेव्हा मात्र तिला राहवलं नाही. तिनं विचारलं, कंटाळा नाही का येत साहेब तुम्हाला?

साहेब खुर्चीत बसले. “सातही चुका मला इथंच दिसल्या होत्या,” ते म्हणाले. “तीस वर्षं दुसरं काय केलं मी? तुमच्या अकरा होत्या. माझ्या अजून चार राहिल्या. तेवढ्या भरल्या की मिटलं आपलं.”

तिच्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे शिक्षा ठरवणार हाच, मोजणार हाच आणि शेवटी स्वतःला निर्दोष म्हणून शिक्का मारणार तोही हाच! आणि ती बायको? तिनं कुणाचं काय घोडं मारलं होतं? हिशेब या दोघांचा आणि चौथ्या मजल्यावर अडकून पडली ती. सात खेपा तिला कुणी अडकवलं, हेही नकाशेवालीला तेव्हाच टोचलं.

तिनं त्यांना घरी जायला सांगितलं. नकाशा नव्यानं काढला, स्वतः नेऊन दिला, स्वतः पाठपुरावा केला. आठवड्यात मंजुरी हातात आली. ती घेऊन ती चार मजले चढली आणि कागद साहेबांना न देता गॅलरीत बसलेल्या त्यांच्या बायकोच्या मांडीवर ठेवला. ती बाई त्या कागदावरून हातच फिरवत राहिली.

साहेब जिन्यापर्यंत मागोमाग आले.

“चार राहिल्या होत्या, बाई.”

“राहू द्या. तुमचं मिटवायला नाही आले मी. तुमच्या दारात खुर्ची टाकली की रोज आठवायचं, माझ्या आईची खुर्ची दारात का टाकता आली नाही.”

ती उतरायला लागली. साहेब कठडा धरून तिथंच उभे राहिले. आतून बायको मोठ्या हौसेनं विचारत होती, अहो, माझ्या खोलीचं दार रस्त्याकडेच आहे ना?