ड्रायव्हरमामांची लांबूनची शिकवणी

वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी मी स्कूटी शिकायला घेतली, ती हौसेनं नव्हे. लॉकडाऊन लागला तेव्हा लेक पुण्यात अडकली आणि तिची स्कूटी लातूरला, आमच्या अंगणात. ह्यांना शुगर. लेकीनं फोनवरून बापाला ताकीद दिली, "पप्पा, फाटकाच्या बाहेर पाय टाकायचा नाही." मग मला म्हणाली, "आई, तू जात जा." म्हणजे मला काही झालं तरी चालेल, असा त्याचा अर्थ मी काढला आणि पुढचे काही फोन फक्त "हं, हं" करून संपवले.

पण जाणं भागच होतं. लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा साहेब-कारकुनांसाठी गावाबाहेर जी कॉलनी पडली, ती आमची. प्लॉट मोठे, रस्ते रुंद, दुकान मात्र एक नाही. भाजी पार लांबच्या मैदानात, तीही सकाळच्या ठरलेल्या वेळेत. मी चालत पोचेपर्यंत तिथं देठ आणि दोडके उरलेले असायचे. हे जेवताना एरवी बोलत नाहीत. एक दिवस ताटाकडं बघत म्हणाले, "आजपण दोडकाच का?"

त्या दुपारी मी स्कूटीवरचं कव्हर काढलं.

माझं माहेर कंधारचं. तिथं किल्ल्याजवळच्या मोकळ्या जागेत भाऊ सायकल शिकला तेव्हा मी त्याच्या चपला सांभाळत बसले होते. त्यानंतरचा वाहनाचा माझा सगळा अनुभव मागच्या सीटवरचा. लातूरला रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळात हे गाडी चालवायचे आणि मी मागं मांडीवर भरलेली घागर घेऊन बसायचे. त्यामुळं तोल सांभाळण्यात आपला हात कुणी धरणार नाही, असा माझा समज होता.

तो अंगणातच संपला. दुष्काळानंतर लातुरात कुणीही पाण्याचा ड्रम टाकून दिलेला नाही. आमचेही निळे ड्रम फाटकाशेजारी भरून उभे असतात. मी बटण दाबलं, मूठ पिळली, आणि स्कूटीनं मला सरळ ड्रमांत नेऊन घातलं. एक आडवा झाला, त्याच्यावर मी, माझ्यावर स्कूटी. हे पळत बाहेर आले.

"अगं, पाणी सांडलं की सगळं!"

"मी पण सांडलेय," मी खालून म्हणाले.

"ते दिसतंय. पण ड्रम भरलेला होता."

समोरच्या घरातले ड्रायव्हरमामा फाटकावर हात टेकून हे बघत होते. एसटीतून रिटायर झालेले, उदगीरकडचे, कपाळाला भस्माचे पट्टे, आवाज घाटात घुमावा असा. त्यांनी विचारलं, "वैनी, ब्रेक कुठं हाय म्हायती हाय का?"

"हाय की."

"मग दाबला का न्हाई?"

"आठवला नाही."

मामांनी थोडा विचार केला. "उद्या सकाळी रस्त्यावर या. हौसला असला की गाडी येती. मी शिकवतो."

शिकवणी सुरू झाली ती लांबूनच. मामा नाकातोंडाला टॉवेल बांधून त्यांच्या फाटकात उभे, मी रस्त्यावर. जन्मभर बस चालवलेल्या माणसाला आवाज खाली घेता येत नव्हता. "सेकंड टाका! सेकंड!" ते ओरडायचे.

"मामा, ह्याला गिअरच नाहीत."

"मग ह्याला गाडी कामून म्हणायचं?" ते वैतागून म्हणायचे, आणि पुढच्या फेरीला पुन्हा "थर्ड टाका!"

वळणावर पन्नास माणसं घेऊन चालल्यासारखं रुंद वळायचं, असं त्यांचं सांगणं. मी तसं वळले की स्कूटी शेजारच्यांच्या गेटात. सगळी कॉलनी घरात कोंडलेली. माणसं चहाचा कप घेऊन गच्चीवर यायची. कोपऱ्यावरच्या म्हाताऱ्या आजींनी तर खुर्चीच कायमची वर नेऊन ठेवली. एक दिवस पायात गोळा आला म्हणून मी शिकायला गेले नाही, तर त्यांनी सुनेला विचारायला पाठवलं, "आज न्हाई का?"

हळूहळू मला सरळ जाता येऊ लागलं आणि डावीकडं वळता येऊ लागलं. उजवीकडं मात्र जमेना. समोरून काही नसतानासुद्धा, आता येईल, असं वाटून मी पाय टेकवून थांबायचे. मी त्यावर तोडगा काढला. डावीकडं, डावीकडं असं करत गेलं की लातूरला एक मोठा फेरा पडतो, पण माणूस मैदानात पोचतो. आठवडाभरात मी मेथी आणली, वांगी आणली. लेकीला फोटो पाठवला. तिनं विचारलं, "आई, आरशाला काय झालं?" मी म्हटलं, नेटवर्क नाही, आणि फोन ठेवला.

मग पोलीस भेटले. रोजच्या फेऱ्यावर एक दिवस नवी नाकाबंदी होती. हवालदारानं हात केला. मी थांबले, पण दोन बॅरिकेडच्या फटीतून पलीकडं जाऊन.

"ओ मावशी!" तो काठी घेऊन धावत आला. "काठीला बी भीत न्हाई का वो?"

"मी भिते. गाडी भीत नाही."

"लायसन?"

"शिकतेय अजून."

"शिकायला हीच येळ गावली का?"

"बाबा, रस्ता मोकळा आयुष्यात पहिल्यांदाच मिळालाय."

तो तोंडावरच्या रुमालाआड हसला असावा. डोळे तरी बारीक झाले. "जावा घरी. वळवा गाडी."

"उजवीकडं वळवता येत नाही," मी खरं ते सांगितलं.

त्यानं माझ्याकडं बघितलं, पिशवीतल्या मेथीकडं बघितलं, काठी काखेत मारली, मला उतरवलं आणि मागचं चाक उचलून स्कूटी घराच्या दिशेला करून दिली. बाकीचे शिपाई पोट धरून हसत होते. हे सगळं मी घरी सांगितलं नाही. पण कॉलनीत संध्याकाळपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं होतं.

पावसाळ्यात ड्रायव्हरमामांना ताप आला. अँब्युलन्स आली, गल्लीच्या तोंडाला बांबू लागले, गच्च्या रिकाम्या झाल्या. मामांचा मुलगा हैदराबादला, येणं शक्य नाही. मामी घरात एकट्या, खिडकीशी बसून. मामांना ज्या वसतिगृहात ठेवलं होतं तिथं जेवण मिळायचं, पण फोनवर ते म्हणायचे, "निस्ता भात. भाकर न्हाई." बांबू निघाल्यावर मी मामींना म्हटलं, "डबा फाटकावर ठेवत जा. मी नेते." हे काहीतरी बोलणार होते, पण माझा चेहरा बघून आत गेले.

त्या वसतिगृहाहून घरी येताना एका मोठ्या चौकात उजवीकडं वळावंच लागायचं. मी चौकाच्या अलीकडं उतरायचे, स्कूटी हातानं ढकलत रस्ता ओलांडायचे, आणि पलीकडं पुन्हा ऐटीत बसायचे. बघायला कुणी नव्हतं म्हणून बरं. गेटावर डबा देऊन वर बघितलं की मामा दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत असायचे. त्यांचा तो आवाज आता खालपर्यंत पोचत नव्हता. ते हातानंच दाखवायचे: मान वर, चाकाकडं बघायचं न्हाई.

एक दिवस खिडकीत ते नव्हते. गेटावरच्या माणसानं सांगितलं, मोठ्या दवाखान्यात हलवलंय, ऑक्सिजन लावलाय. मी डबा परत घेऊन निघाले. रस्त्यात कुठंतरी लक्षात आलं की चौक मागं पडला आणि मी उतरलेच नाही. हे मामांना सांगावं असं वाटलं, आणि मग मला नीट दिसेना, म्हणून गाडी बाजूला घेऊन बराच वेळ एका बंद पानटपरीशी उभी राहिले.

मामा आले. निम्मे होऊन आले, पण आले. सक्तीचे दिवस घरात काढल्यावर एका सकाळी फाटकाशी उभे राहून म्हणाले, "वैनी, जरा डेपोकडं नेता का? घरात जीव बेजार झालाय."

ह्यांनी आतून विचारलं, "त्यांना मागं बसवून? तू?" मामी पायरीवर आल्या आणि त्यांनी हात जोडले. देवाला जोडले की मला, कळलं नाही.

मी निघाले. मागं मामा, तोंडाला टॉवेल. वाटेत एक शब्द बोलले नाहीत; फक्त प्रत्येक वळणाला त्यांचा पाय माझ्या पायामागं, बसचा ब्रेक दाबावा तसा, जोरात दाबला जायचा. डेपोच्या कुंपणापाशी मी गाडी थांबवली. आत लाल गाड्या ओळीनं उभ्या होत्या, काचांवर धूळ, चाकांभोवती गवत. मामा उतरले आणि जाळी धरून बघत राहिले.

"इतक्या वर्षांत," ते म्हणाले, "दिवसाढवळ्या सगळ्या गाड्या एकाच टायमाला डेपोत कधीच बगितल्या न्हाईत. कुणी तरी मार्गावर असायचंच."

मी म्हटलं, "सुरू होतील, मामा."

"व्हतील की." त्यांनी एका गाडीकडं बोट केलं. "तिला धक्का द्यावा लागंल पण."

मग ते सावकाश माझ्या मागं येऊन बसले आणि म्हणाले, "चला. घरी चहा टाकायला सांगितलाय."