दोरी माझ्या हातात

आमचे मालक फौजेत कुत्र्यांच्या पथकात होते. निवृत्त होऊन कडेगावजवळच्या मळ्यात राहायला आल्यावर कैक वर्षं त्यांनी कुत्र्याचं नाव काढलं नाही. मग मागच्या दिवाळीनंतर एकदम आटपाडीकडच्या मेंढपाळाची एक कुत्री घेऊन आले आणि म्हणाले, "हिला माग काढायला शिकवायचं. दोरी तू धरायची."

"मी? आवं, फौजेत तुमी हुता का मी?"

त्यांनी दोरी माझ्या हातात दिली. नवरा उत्तर टाळून कामाला लागला की पाणी कुठंतरी मुरतंय, हे मला लग्नापासून ठाऊक आहे.

दव असतानाच जायचं, ओल्या जमिनीवर वास टिकतो म्हणे. ते नांगरटीतून पाय घासत पुढे जाऊन बांधाआड बसायचे. मी कुत्रीला त्यांचा अंगातला बनियन हुंगायला द्यायचा, लांब दोरी सैल सोडायची आणि तिच्यामागे चालायचं. ती पोचली की तिला उकडलेलं अंडं मिळायचं. नांगरटीतला सराव झाला, गवतातला झाला, मग उसातला सुरू झाला. आता ते माझ्या बरंच आधी निघायचे. एवढा वेळ माणूस उसात एकटा काय करतो?

जाऊबाईंनी तेल ओतलंच. "भावजी फुडं पळत्यात आन् तू कुत्री घिऊन मागं! लक्ष ठेव गं बाई."

मी हसण्यावारी नेलं, पण मनात पाल चुकचुकली. त्यांचा मोबाईल बघितला, खिसे चाचपले. शेवटी त्यांची ट्रंक उघडली. आत गाठी मारलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्या, आणि प्रत्येकीत एक मळका बनियन. मी एकेक नाकाला लावून बघितला. अत्तर नाही, पावडर नाही, नुसता यांचाच घाम. तरी डोकं फिरलं. सगळे साबणानं घासले आणि वाळत टाकले.

ते बघून मालकांनी वाळत घातलेला एक बनियन ओढून नाकाला लावला. "समदा वास घालवलास गं."

"रोज अंगात एक असतोय की. साठवायचं कशाला?"

"लागत्यात."

झालं. पुन्हा कुठंतरी नोकरीला निघून जायचा यांचा बेत आहे, आणि मला सोबतीला कुत्री ठेवायचीय, असं मी पक्कं धरलं.

पुढे एका सकाळी सराव नव्हता. ते डेअरीला दूध घालायला म्हणून गेले आणि ऊन चढलं तरी आले नाहीत. आज रंगेहाथ धरतेच, म्हणत मी कुत्रीला त्यांचा टॉवेल हुंगायला दिला. ती डेअरीपर्यंत नीट गेली, तिथून घराकडे न वळता उलटी, शेजारच्या गावच्या उसातून थेट कॅनॉलवर. तिथं मालक बसले होते, रिकामी किटली मांडीवर घेऊन. मी आधी आजूबाजूला नजर फिरवली. कुणी नव्हतं. कुत्री त्यांच्या अंगावर उड्या मारत होती.

"कुणाची वाट बघताय?" मी कडाडले.

ते माझ्याकडे बघत राहिले. "आज मी लपलो न्हवतो," म्हणाले. "घर कुठल्या अंगाला हाय, त्येच उमजंना. दिवाळीच्या आधीपास्नं हुतंय असं."

साबणानं घासलेले ते सगळे बनियन माझ्या डोळ्यांपुढे आले. आमच्याकडे नवराबायको हात धरून चालत नाहीत. मी त्यांचा हात घट्ट धरला आणि भर रस्त्यानं घरी निघाले. लोक बघत होते.