भिंगबाईंच्या मॅडम

भिंगबाईंनी नवरा खाल्ला, अशी बातमी आमच्या गल्लीत बरेच दिवस फिरत होती. बाई जो किडा पाळतात त्यातली मादी नराला खाते, असं कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्याच सुमारास बाईंचा नवरा दुकानात दिसेनासा झाला. इस्त्रीवाल्याने दोन्ही गोष्टींची एकच घडी घातली आणि कपड्यांबरोबर घरोघरी पोचवली.

बातमी साफ खोटी. नवरा जिवंत आहे. समोरच्याच फुटपाथवर त्याचं स्वतःचं चष्म्याचं दुकान आहे, आणि खाल्लेल्या माणसाच्या मानाने त्याचं पोट चांगलंच पुढे आलंय. बाईंनी त्याला खाल्लेलं नाही. त्या त्याला नुसत्या चघळताहेत, आणि ते मी शेजारच्या जिन्यात बसून रोज बघते.

पूर्वी दोघांचं दुकान एकच होतं. पुढच्या खोलीत चष्मेवाले बसायचे. गोड बोलायचं, गिऱ्हाइकाला तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि नंबर काढायचा, हे त्यांचं काम. मागच्या खोलीत बाई. काच चाकावर घासायची, फ्रेममध्ये बसवायची, डोळ्यांनी दिसतही नाहीत असले स्क्रू पिळायचे, हे त्यांचं काम. गिऱ्हाईक आरशात बघून "वा" म्हणायचं ते चष्मेवाल्यांना. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही, निदान तसं त्या म्हणायच्या. गल्लीने त्यांना भिंगबाई नाव ठेवलं तेही त्यांनी हसून घेतलं.

एकदा त्यांच्या कामाच्या दिव्यावर एक हिरवा किडा येऊन बसला. बोटाएवढा, मान लांब, तोंड तिकोनी, पुढचे दोन पाय छातीशी जोडलेले. याचं पुस्तकातलं नाव प्रार्थनाकीटक. बोलताना ते कुणी घेत नाही, बघेल तो नाकतोडाच म्हणतो. मग बाई त्याला सांगायच्या, "नाकतोडा गवत खातो. ही नाकतोडा खाते." त्यांनी तिला काचेच्या बरणीत ठेवलं, तोंडाला चष्मे पुसायचं फडकं बांधलं आणि आत एक काटकी उभी केली. पिकून काळी पडलेली केळी ठेवून चिलटं जमवली. नाव ठेवलं मॅडम.

हळूहळू मॅडमचं प्रस्थ वाढलं. चष्मा न्यायला आलेली माणसं आधी मागच्या खोलीत डोकवायची. "मॅडम जेवल्या का?" "मॅडमनी कात टाकली का?" एक निवृत्त मास्तरीण तर नंबर बदललेला नसताना नंबर काढायला यायची. चष्मेवाल्यांची तब्येत कशी आहे हे कुणी विचारत नसे. एकदा त्यांना चांगला ताप होता. गळ्याला मफलर गुंडाळून बिचारे बसले होते, तर मास्तरीणबाई आत जाता जाता म्हणाल्या, "जरा सरका हो, मॅडम दिसत नाहीत."

मला वाटतं, ते त्या दिवशी बसलं त्यांच्या मनात.

आता दोन बाटल्यांचं सांगते, कारण सगळं घोडं तिथे अडलंय. बाईंच्या खोलीत फवारणीच्या दोन बाटल्या असायच्या, दोन्ही एकसारख्या. एकीत साधं पाणी, मॅडमला प्यायला. ती बरणीच्या भिंतीवरचे थेंब चाटते. दुसरीत काच पुसायचं औषध, उग्र. चूक होऊ नये म्हणून पाण्याच्या बाटलीच्या गळ्याला बाईंनी लाल दोरा बांधला होता. वास घेऊन ओळखायची सोय नव्हती. त्या खोलीत भिंतींनाही औषधाचाच वास मारायचा.

मॅडमची शेवटची कात टाकायची वेळ आली. त्या वेळी ती उलटी लटकते, जुन्या कातडीतून हळूहळू बाहेर निघते आणि मग तिला पंख फुटतात. बाईंना त्या पंखांची फार हौस होती. हवा कोरडी असली की कात अडकते, म्हणून बाईंनी लाल दोऱ्याची बाटली उचलली आणि हलकेच दोनदा फवारलं.

मॅडम अर्ध्या कातीतच राहिल्या.

मी आले तेव्हा बाई बरणी मांडीवर घेऊन बसल्या होत्या. "माझ्याच हातून झालं," एवढंच म्हणत होत्या. चष्मेवाले दारात उभे होते. ते म्हणाले, "हो, तुझ्याच हातून झालं. आता काय करणार?" आणि पुढच्या खोलीत जाऊन एका गिऱ्हाइकाशी गोड बोलायला लागले.

संध्याकाळी बाईंनी बाटली बाहेर जिन्यात आणून हुंगली. आत औषध होतं. मग दोरा बघितला. बाई नेहमी सुरगाठ मारतात, बाटली धुताना एका ओढीत सुटली पाहिजे म्हणून. दोऱ्याला निरगाठ होती. त्या घरात निरगाठ एकच माणूस मारतो, चष्म्याच्या दोऱ्यांना, दाबून, की म्हाताऱ्यांच्या गळ्यातून त्या कधी सुटू नयेत.

बाई भांडल्या नाहीत. मला तर जरा वाईटच वाटलं, मी जिन्यात बसायला चटई आणली होती. त्यांनी बरणी धुतली, पुसली आणि तिच्यात चष्म्याच्या नाकावर टेकणाऱ्या रबरी गाद्या भरून ठेवल्या. किडे पाळायला त्यांनी कोपरापासून हात जोडले. आणि नवऱ्याला "अहो" म्हणणं बंद केलं.

"ओ चष्मेवाले, जेवायला वाढलंय."

"ओ चष्मेवाले, दार लावून घ्या."

लग्नाचा नवरा, आणि रस्त्यावरच्या परक्या दुकानदाराला मारावी तशी हाक. गिऱ्हाइकं आधी हसली, मग गप्प झाली. चष्मेवाल्यांनी काही महिने काढले. मग एक दिवस अक्षरांचा तक्ता काखेत मारून ते निघाले आणि समोर स्वतःचं दुकान थाटलं. पाटीवर लिहिलं, "मूळ चष्मेवाले". आणि येईल त्याला सांगायला लागले, "तिकडे जाऊ नका बरं. तिकडे चष्म्यात किडे निघतात."

तिकडे तेव्हा एकही किडा नव्हता. पण माणसं समोर जायला लागली. बाई रिकाम्या दुकानात बसून फ्रेमा पुसायच्या. मी म्हटलं, "तुम्ही सांगत का नाही लोकांना, की सोडलंय म्हणून?" त्या म्हणाल्या, "सांगितलं. लोक म्हणतात, म्हणजे होते ना."

त्याच दिवसांत कुंड्यावाले आजोबा आले. पलीकडच्या रस्त्यावर रोपं विकतात. चष्म्याची काडी तुटली होती. तिच्याबरोबर त्यांनी खिशातून एक डहाळी काढून टेबलावर ठेवली. डहाळीला वाळलेल्या फेसासारखं काहीतरी चिकटलेलं होतं.

"हे काय?" बाईंनी विचारलं, पण त्यांना कळलं होतं.

"अंडी. निघतील आता पिल्लं."

"मी सोडलंय ते, आजोबा."

"मीही सोडलंय. तीनदा." आजोबा खुर्चीत टेकले. "वर्षभरसुद्धा जगत नाहीत हो. लळा लागतो तोवर जातात. मग आपण म्हणतो, पुरे आता. बरणी माळ्यावर. चार दिवस घर कसं मोकळं वाटतं. आणि मग एक दिवस हातावर माशी बसते आणि मनात येतं, अरेरे, वाया चालली."

मी हसले. बाई हसल्या नाहीत.

"मग घरी न्या की."

"सून म्हणाली, एक तर ते राहतील नाहीतर मी. पहिल्या दोन वेळा मी विचार करायला वेळ मागून घेतला. तिसऱ्यांदा देत नाही म्हणाली."

"माझं तसं नाही," बाई म्हणाल्या. "माझी गेली नाही. माझ्याच हातून तिला मारवून घेतलं."

"कुणी?"

बाईंनी काच पुसत समोरच्या फुटपाथकडे बघितलं. चष्मेवाले खुर्चीत रेलून कुणाला तरी बाईंच्या दुकानाकडे बोट दाखवत होते. बोटांची हालचाल किडा वळवळल्यासारखी.

"ठेवा ती डहाळी," बाई म्हणाल्या. "किडा नसताना किडेवाली झालेच आहे. असल्याने काय बिघडणार?"

दुसरी माणसं माया लागते म्हणून परत किडे पाळायला लागतात. बाई पोटात आग घेऊन परतल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर मला किती दिवसांनी तरतरी दिसली.

फेसातून पिल्लं निघाली ती डासाएवढी, तारेवरच्या कपड्यांसारखी लोंबत. ती एकमेकांना खातात, म्हणून बाईंनी बहुतेक आजोबांच्या रोपांवर सोडून दिली आणि एकच ठेवली, जी फडक्यावर चढून सर्वांत आधी बाहेर बघत होती. पुढे कळलं की मादी आहे. याही मॅडम. फवारणीची बाटली आता एकच, पाण्याची. औषध डब्यात गेलं. जुनी बाटली मात्र त्यांनी निरगाठीसकट फळीवर ठेवली.

नव्या मॅडमना पंख फुटले त्या आठवड्यात मी गेले तर बाई चाकावर एक जाड भिंग घासत होत्या. बशीएवढं.

"एवढा नंबर कुणाचा?"

"समोरच्याचा."

"त्यांना तर चष्मा नाही."

"लागेल आता."

बरणी त्यांनी काचेच्या दर्शनी कपाटात मांडली, तिच्यापुढे भिंग उभं केलं. आमच्या बाजूला ऊन येत नाही, नाहीतर भिंगाने दुकान पेटलं असतं. मग त्या फूटपट्टी घेऊन मागेपुढे करत बसल्या. भिंगाची गंमत अशी की ते एका ठरावीक जागेवरूनच नीट दाखवतं. जरा बाजूला सरकलं की नुसती बरणी आणि पलीकडे पुसट हिरवं काहीतरी. बाईंना ती जागा समोरच्या खुर्चीत हवी होती. तपासायला कुणीतरी तिथे बसायला हवं होतं.

मी गेले, नंबर काढायला. चष्मेवाले आत दिवा आणायला गेले तशी मी टुणकन त्यांच्या खुर्चीत बसले. बाई भिंग तसूतसू हलवत होत्या. आणि एकदम, आई शप्पथ, आख्ख्या भिंगात एक तिकोनी तोंड. वाटीएवढे दोन डोळे. प्रत्येक डोळ्यात एक काळा ठिपका, सरळ माझ्याकडे. मी मान हलवली तर ठिपकेही हलले. मी कपाळावरचा घाम पुसला. घाम पुसणं हीच आमची खूण होती.

पहिल्या दिवशी चष्मेवाल्यांनी खुर्ची हातभर डावीकडे घेतली. बाईंनी दुपारच्या चहाआधी भिंगही त्या बेताने वळवलं. दुसऱ्या दिवशी उजवीकडे, तर तसं. त्यांनी पडदा लावला, तर दुकान बंद समजून गिऱ्हाइकं परत गेली. पाठ करून बसले, तर दर दोन मिनिटांनी मान वळायची. शेवटी त्यांनी आमच्या मास्तरीणबाईंनाच खांद्याला धरून शेजारी उभं केलं.

"बघा. बघते की नाही माझ्याकडे?"

"कोण?"

"ती! डोकं बघा केवढं."

मास्तरीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितलं. त्यांच्या जागेवरून दिसत होती एक बरणी. त्यांनी चष्मेवाल्यांच्या हातावर थोपटलं आणि तडक इस्त्रीवाल्याकडे गेल्या. संध्याकाळपर्यंत गल्लीला कळलं, की नंबर काढणाऱ्यालाच नको नको ते दिसतंय. अशा माणसासमोर डोळे उघडून कोण बसणार? गिऱ्हाइकं रस्ता ओलांडून इकडे यायला लागली. आल्यावर पहिला प्रश्न, "मॅडम जेवल्या का?"

बाई सगळ्यांना सांगायच्या, "जेवतायत. सावकाश."

मग एका दुपारी चष्मेवाले आले. योगायोगाने माझ्या चष्म्याचा स्क्रू त्याच दुपारी ढिला झाला होता. तो मी नखाने कसा ढिला केला ते इथे सांगायचं कारण नाही. चष्मेवाल्यांच्या डोळ्यांखाली काळं, दाढी वाढलेली.

"अगं," ते म्हणाले.

"बोला चष्मेवाले. काय देऊ? काच, काडी, दोरी?"

"ते काढ तिथून."

"काय?"

"ती. माझ्याच्याने नंबर निघत नाही. अक्षरांत तिचं तोंड दिसतं मला."

"ती काय करते? उभी आहे गरीब, हात जोडून."

बाई उठल्या. फळीवरची जुनी बाटली काढून टेबलावर ठेवली. लाल दोरा फिकट होऊन गुलाबी झाला होता, गाठ तशीच. "ही गाठ कुणाची?"

चष्मेवाल्यांनी माझ्याकडे बघितलं. मी स्क्रूकडे बघितलं.

"माझी."

"गिऱ्हाइकाशी बोलता तसं नको. सगळं."

"पाण्याच्या बाटलीचा दोरा मी औषधाच्या बाटलीला बांधला. ती लटकली होती हे मला माहीत होतं. तू उचलशील ती बाटली, हेही."

"आणि मी रडत होते तेव्हा?"

"तुझ्याच हातून झालं, म्हणालो."

रस्त्यावरून एक टेम्पो खडखडत गेला. दर्शनी कपाटातले सगळे चष्मे थरथरले. मला वाटलं, झालं, हवं ते मिळालं बाईंना, आता त्या "अहो" म्हणतील आणि माझं जिन्यातलं बसणं संपेल. बाईंच्या डोळ्यांत पाणी होतं हे मी शपथेवर सांगते. चष्मेवाल्यांनाही ते दिसलं असावं, कारण ते एक पाऊल पुढे आले. त्यांनी दोन्ही हात जोडले, अगदी कोपरापासून.

"सांगितलं ना आता? हात जोडतो तुझ्यापुढे. सोड मला."

बाईंनी त्यांच्या हातांकडे बघितलं. मग कपाटातल्या बरणीकडे. काटकीवर मॅडम तश्शाच उभ्या होत्या, आणि केळ्याच्या सालीवरून एक माशी त्यांच्या दिशेने चालत येत होती.

"हात जोडणारे पुढे काय करतात ते मी रोज बघते, ओ चष्मेवाले. भिंग तिथेच राहील."