रोजगार कचेरीत नारळाची नोंद

बाळांनो,

तुमचे बाबा हल्ली ही गोष्ट जेवायला आलेल्या पाहुण्यांना सांगतात, असं माझ्या कानावर आलं आहे. गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर धाकट्याने मला विचारलं, "आजी, तू जपानच्या सरकारला खरंच पोतंभर नारळ दिलेस?" पोतं नव्हतं. एकच नारळ होता आणि तो मी कोणाला दिला नव्हता, मला मिळाला होता. दर वेळी सांगताना बाबा त्यात थोडी भर घालतात. आणखी दोन-चार पाहुणे होईपर्यंत मी तुरुंगातही जाऊन आलेली असेन. म्हणून सगळं क्रमाने आठवतं आहे तोवर लिहून पाठवते. तुम्हाला मराठी वाचायचा कंटाळा येतो हे मला माहीत आहे, तेव्हा बाबांनाच मोठ्याने वाचायला सांगा. त्यांनी काही गाळलं तर त्यांच्या चेहऱ्यावरून कळेल.

आजोबा गेल्यानंतरही मी टोकियोजवळच्या इचिकावातच राहिले आणि योकोहामाला एका जुन्या सिंधी व्यापाऱ्याच्या ऑफिसात नोकरी करत होते, एवढं तुम्हाला ठाऊक आहे. कापडाचा धंदा होता. इंग्रजी पत्रं लिहायची, बिलं लावायची, फायली नीट ठेवायच्या, हे माझं काम. शेठजी थकले, त्यांच्या मुलांना कापडात रस नव्हता, आणि एका शरद ऋतूत त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं. इथे माणूस नोकरी सोडतो तेव्हा मालकाला तसा एक सरकारी कागद करून द्यावा लागतो. ऑफिसातले असे सगळे कागद मीच करत असे, म्हणून माझाही मीच केला आणि शिक्क्यासाठी शेठजींपुढे ठेवला.

"कोण चाललंय?" चष्मा शोधत त्यांनी विचारलं.

"मी."

"अच्छा," ते म्हणाले. "मग बसा, चहा तरी घ्या."

त्याच रात्री तुमच्या बाबांचा कॅनडाहून फोन आला. "आई, आता पुरे झालं. ते घर सोड आणि इकडे ये."

मी म्हटलं, "दुसरी नोकरी बघते. तोवर बेकारभत्ता मिळेल."

"आणि भत्ता संपेपर्यंत नोकरी नाही मिळाली तर?"

"तर येईन."

"नक्की?"

"लिहून देऊ?"

"नको. तू खरंच देशील."

असा आमचा करार झाला. तुमच्याजवळ यायचं नव्हतं असं समजू नका. पाहुणी म्हणून यायचं होतं, सगळं सामान घेऊन नाही. साठी उलटल्यावर माणसाला स्वतःच्या दाराची किल्ली फार प्रिय होते. ते तुम्हाला इतक्यात कळणार नाही आणि कळायची घाईही नाही.

आमच्या भागातल्या रोजगार कचेरीत सगळे इतके हळू बोलतात की आपण आजारी माणसाला भेटायला आलोय असं वाटतं. खिडकीमागे करड्या स्वेटरातल्या एक बाई होत्या. त्यांनी मला सगळा क्रम समजावला. आधी एक आठवडा काहीच मिळत नाही, त्या आठवड्यात फक्त बेकार असायचं. मग दर चार आठवड्यांनी, त्यांनी ठरवून दिलेल्या दिवशीच, एक तक्ता भरून आणायचा. त्यात छोटं कॅलेंडर छापलेलं असतं. ज्या दिवशी काम केलं त्या तारखेवर वर्तुळ, थोडा वेळच केलं असेल तर फुली. तक्ता मान्य झाला की आठवडाभराने पैसे बँकेत. ठरलेला दिवस चुकला तर त्या चार आठवड्यांचे पैसे गेले.

"पहिल्या आठवड्यात पूर्णपणे बेकार राहायला हवं," बाई म्हणाल्या.

"मला सवय नाही."

"सुरुवातीला सगळ्यांना जड जातं," त्यांनी धीर दिला.

तक्त्याखाली बारीक अक्षरात एक सूचना होती. शब्दकोश घेऊन मी ती दोनदा वाचली: मोबदला न घेता कोणाला मदत केली असेल तरी तीही लिहावी. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या नन्सनी मला दोनच गोष्टी पक्क्या शिकवल्या होत्या, कागदाला समास सोडायचा आणि विचारलं तेवढं सगळं खरं लिहायचं.

आता त्या बेकारीच्या आठवड्यात काय झालं ते ऐका. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर पुण्याचं एक जोडपं राहत होतं. तो कंपनीच्या कॉन्ट्रॅक्टवर आलेला, ती घरी, सातवा महिना लागलेला. तिच्या आईचा व्हिसा अडकला होता. तेव्हा डोहाळजेवण करणार कोण, तर काकू, म्हणजे मी. सकाळपासून उभी राहून मी पंचवीस माणसांचा स्वयंपाक केला. फुलांच्या वाड्या मिळाल्या नाहीत म्हणून सुपरमार्केटमधल्या शेवंतीच्या केल्या. सगळं आवरल्यावर त्या मुलीने माझ्यासमोर नारळ आणि ब्लाउजपीस धरलं. मी हात मागे घेतला. आजोबा गेल्यापासून माझी ओटी कोणी भरली नव्हती. आपल्याकडे भरत नाहीत.

"काकू," ती म्हणाली, "ते नियम आमच्या विमानात बसले नव्हते. पदर पुढे करा."

मी केला. घरी येऊन दिवा लावला आणि त्या तारखेवर वर्तुळ काढलं.

त्यानंतर वर्तुळं वाढतच गेली. तिला तपासणीला नेलं, कारण डॉक्टरांचं बोलणं तिला कळत नव्हतं. शेजारच्या एदोगावात नवीन आलेल्या एका बाईंना कचरा वेगळा कसा करायचा ते दाखवायला गेले. प्लास्टिकपासून जुन्या पंख्यापर्यंत सगळं आवरेतो त्यांच्याकडेच जेवण झालं. एका घरी मुलाला शाळेत घालायचं होतं, त्यांच्याबरोबर शाळेत गेले. मग दिवाळी जवळ आली आणि लाडू सुरू झाले. तक्ता द्यायचा दिवस आला तेव्हा माझं कॅलेंडर रांगोळीच्या ठिपक्यांसारखं दिसत होतं.

करड्या स्वेटरातल्या बाईंनी ते बराच वेळ पाहिलं.

"तुम्हाला नोकरी लागली का?"

"नाही."

"मग ही वर्तुळं?"

मी क्रमाने सांगितलं. त्यांनी विचारलं, "मालक कोण?"

"कोणी नाही."

"मोबदला?"

मोबदल्याच्या रकान्यात मी लिहिलेलंच होतं. त्यांनी ते हळूच वाचलं, "कोकोनात्सु, एक." मग वर पाहिलं. "याची किंमत?"

"माहीत नाही. भेट मिळाला."

"विकलात का?"

"नाही. नारळीभात केला."

त्यांनी तेही कागदावर टिपलं, माफी मागितली आणि आत जाऊन त्यांच्या साहेबांना घेऊन आल्या. हे बारीक चणीचे गृहस्थ. फार सभ्य माणूस, आणि त्यामुळे फार अवघड.

"तुम्ही हे नेहमी करता का?"

"लोक बोलावतात तेव्हा."

"बोलावतात कसे?"

"फोन करतात."

"किती आधी?"

"दिवाळीचं असेल तर महिनाभर आधी सांगून ठेवतात."

"म्हणजे आगाऊ नोंदणी होते."

"नोंदणी नाही हो. मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवते, एवढंच."

साहेबांनी बाईंकडे पाहिलं. मी जसजशी समजावत गेले, तसतशी माझ्या डोळ्यांसमोर माझीच एक केटरिंग कंपनी उभी राहत गेली. हा नियमित व्यवसाय ठरला, ते अगदी मऊ आवाजात म्हणाले, तर मला बेकार म्हणता येणार नाही, आणि मग भत्ता नाही.

भत्ता नाही म्हणजे मुदत आजच संपली. म्हणजे सामानासकट कॅनडा.

"या बायका तुमच्या कोण?" साहेबांनी विचारलं.

"मला काकू म्हणतात."

"म्हणजे?"

"काकाची बायको."

त्यांचा चेहरा एकदम उजळला. "नातेवाईक! मग हे घरचं काम झालं. घरच्यांना केलेली मदत लिहायची गरजच नव्हती."

इथे मी गप्प बसले असते तर सगळं मिटलं असतं. तुमचे बाबा वाचताना या ठिकाणी थांबून हसतील. त्यांना हसू द्या आणि मग पुढे वाचायला सांगा.

"पण मी खरी काकू नाही," मी म्हटलं. "त्यांच्यापैकी कोणाच्याच काकाशी माझं लग्न झालेलं नाही."

बाईंनी तोंडावर हात धरला. साहेबांनी पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं, आणि त्या कचेरीत ज्याचं एकच उत्तर असतं तो प्रश्न विचारला. "समजा, आज नोकरी मिळाली. उद्यापासून जाल का?"

"उद्या चकल्या आहेत," मी म्हणाले. "परवापासून."

बोलून गेल्यावर मला कळलं. शेजारच्या खिडकीवरचा माणूससुद्धा माझ्याकडे बघायला लागला. ताबडतोब काम करायला तयार असलेल्या माणसालाच भत्ता मिळतो, ही त्यांच्या माहितीपत्रकातली पहिलीच ओळ होती. मी तिच्याखाली रेघसुद्धा मारली होती.

साहेबांनी थोडा विचार केला. "त्या वस्तू दुसरं कोणी करू शकेल का?"

मी प्रामाणिकपणे विचार केला. "करू शकतील. पण मऊ पडतील."

"मऊ पडल्या तर चालेल का?"

असा प्रश्न मला आयुष्यात कोणी विचारला नव्हता. सासूबाईंनी नाही, आजोबांनी नाही, मी स्वतःलाही नाही. 

"नोकरीसाठी," मी म्हटलं, "चालेल."

"उद्यापासून तयार," साहेबांनी मोठ्याने म्हणत लिहिलं.

निर्णय असा झाला. वर्तुळांच्या दिवसांचे पैसे आत्ता नाहीत, पण ते दिवस बुडाले नाहीत, पुढे ढकलले गेले. बेकारीचा पहिला आठवडा डोहाळजेवणामुळे एका दिवसाने लांबला. नारळ उत्पन्नात धरायचा नाही. त्यावर दोन आडव्या रेघा मारून शेजारी, इथल्या पद्धतीने सहीऐवजी, माझा शिक्का उमटवायला लावला. ब्लाउजपीसबद्दल कोणी काही बोललं नाही.

घरी येऊन मी बाबांना फोन केला. दिवस पुढे ढकलले म्हणजे भत्ता उशिरा संपणार, आणि भत्ता उशिरा संपणार म्हणजे आमच्या कराराची मुदतही वाढली.

"आई, हे चीटिंग आहे."

"सरकारी निर्णय आहे. वर अपील करायचं तर जपानी शिक."

पैसे मात्र लगेच आले नाहीत. मध्ये सुट्टी आली, आणि घरभाडं तर महिनाअखेरीला खात्यातून आपोआप कापलं जातं. मी रोज पासबुक घेऊन बँकेच्या मशीनपाशी जायची, ते गुरगुर करून पासबुक जसंच्या तसं परत द्यायचं. "पाठवू का?" बाबा रोज विचारायचे. "नको," मी रोज म्हणायची. भाडं कापायच्या आदल्या दिवशी मशीन नेहमीपेक्षा थोडं जास्त गुरगुरलं आणि एक ओळ छापून आली. मी तिथेच त्याला वाकून नमस्कार केला. जपानात याकडे कोणी वळून पाहत नाही.

नोकरीसाठी मी अर्ज करतच होते. कापडाच्या कंपन्यांकडून नम्र नकार येत होते. जानेवारीत करड्या स्वेटरातल्या बाईंचा फोन आला. माझा तक्ता त्यांनी नोकरी शोधून देणाऱ्या विभागाला दाखवला होता. परदेशातून आलेल्या, जपानी न येणाऱ्या मुलांशेजारी वर्गात बसून त्यांना समजावून सांगणारं माणूस एका शाळेला हवं होतं. मराठी, हिंदी, इंग्रजी, आणि शाळेपुरतं जपानी. "तुम्ही हे आधीच करता, वर्तुळांसकट," त्या म्हणाल्या. मुलाखत गुरुवारी सकाळी.

गुरुवारी सकाळी खालच्या जोडप्याच्या बाळाचं बारसं होतं. हॉल महिनाभर आधी घेतलेला, पाळणा मीच सजवणार होते, जेवण मीच करणार होते. मी विचारलं, मुलाखत दुपारी होईल का? नाही होणार. मग मी खाली गेले आणि त्या मुलीला सांगितलं.

"जा काकू," ती म्हणाली. "आम्ही करू काहीतरी."

ते 'काहीतरी' मला मुलाखतभर टोचत होतं. मुख्याध्यापकांनी विचारलं, एखादं मूल वर्गात रडायला लागलं तर काय कराल? मी म्हटलं, आधी रडू देईन, मग विचारेन भूक लागली आहे का. पुढचं मला नीट आठवत नाही. धावतपळत हॉलवर पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं. पाळणा सुंदर सजवलेला होता. मसालेभात संपत आला होता, आणि जो उरला होता तो उत्तम होता. काहीही मऊ पडलं नव्हतं. मला थोडं वाईट वाटलं, ते कोणाला दाखवलं नाही, आणि मी दुसऱ्यांदा भात वाढून घेतला.

पुढच्या आठवड्यात शाळेचं पत्र आलं. भत्त्याचे काही दिवस शिल्लक होते. मी पत्राचा फोटो काढून तुमच्या बाबांना पाठवला. 

"बरं," ते फोनवर म्हणाले. "उन्हाळ्यात तरी येशील?"

"पाहुणी म्हणून येईन. एक बॅग."

"दोन आण. मुलांना लाडू हवेत."

आता तुम्हाला खरं काय ते कळलं. शेठजींच्या दुकानाच्या जागी कॉफीचं दुकान झालं आहे. खालचं जोडपं कॉन्ट्रॅक्ट संपल्यावर बाळाला घेऊन पुण्याला परत गेलं. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत जाते. आणि दिवाळीआधी आमच्या भागातल्या बायका फराळ करायला आता माझ्याच स्वयंपाकघरात जमतात.