सासऱ्यांच्या मागे, कड्यावरून

चष्म्याच्या दुकानाच्या मागच्या खोलीत तो बावीस वर्षं काचा घासत होता. पुढे मालक गिऱ्हाइकांशी गोड बोलायचे आणि मागे हा एकेक काच फ्रेमच्या मापाला उतरवायचा. कानाला यंत्राची घरघर, बोटांना पाण्याचा गारठा. काम नाजूक, केसभर जास्त घासली की काच फुकट. त्याच्या हातून वर्षाकाठी दोन-तीनच काचा वाया जायच्या. त्याचं कारण हुशारी नव्हे, भीती, असं तो स्वतःच सांगायचा. गॅस बंद केला तरी पुन्हा एकदा स्वयंपाकघरात फेरी, कुलूप लावलं तरी चारदा ओढून बघणं. बायको त्याला 'भागूबाई' म्हणायची. आधीचा 'भित्री' हा शब्द ती गाळायची, एवढे तिचे उपकार.

सासरे मात्र अगदी दुसऱ्या टोकाचे. बस डेपोत पस्तीस वर्षं फिटर. निवृत्तीनंतर त्यांनी भंगारातून दोन माउंटन बाईक उचलल्या आणि स्वतःच्या हातानं नव्यासारख्या उभ्या केल्या. वय एकाहत्तर, पण चढावर सीटवरून उठून पेडल मारायचे. ज्या समुद्रकाठी त्यांचं लहानपण गेलं तिथे दोन खोल्या घेऊन चार दिवस राहायचं ठरलं, आणि निघताना त्या दोन्ही सायकली गाडीच्या टपावर बांधलेल्या बघून जावयानं त्यांचे दोर चारदा ओढून बघितले.

"जावईबापू, उद्या सकाळी आपण कड्यावरून खाडीपर्यंत जायचं," पोचल्या पोचल्या सासऱ्यांनी जाहीर केलं.

"आपण म्हणजे... मी पण?"

"नाही, तुमच्या सासूबाई येतील! अहो, तुम्हीच. बघा तरी समुद्र काय असतो ते. आयुष्यभर काचेतूनच बघणार का?"

सकाळी निघताना सासूबाई फाटकापर्यंत आल्या. हळूच म्हणाल्या, "त्यांच्या मागेच राहा. नजरेआड होऊ देऊ नका." आपण हरवू नये म्हणून त्या सांगताहेत असं त्याला वाटलं. थोडी लाजही वाटली.

कड्यावरची पायवाट हातभर रुंदीची होती. उजवीकडे गुडघाभर गवत, डावीकडे नुसतं आकाश. खाली खूप खोल निळंहिरवं पाणी खडकांवर आपटत होतं आणि वाऱ्याबरोबर खारट तुषार ओठांवर येत होते. दृश्य डोळ्यांचं पारणं फेडणारं होतं, असं पुढे त्यानं बायकोला सांगितलं. त्या वेळी त्याला दिसत होता तो फक्त पुढच्या चाकाखालचा वीतभर दगडमातीचा तुकडा. ब्रेकवर चारही बोटं इतकी आवळलेली की मनगटं दुखायला लागली.

"पाण्याची बाटली घेतलीत ना?" सासऱ्यांनी पुढून ओरडून विचारलं.

"घेतली, बाबा."

थोडं पुढे गेल्यावर पुन्हा, "पाणी घेतलंय ना?" तिसऱ्यांदा त्यांनी तेच विचारलं, तेव्हा त्याला वाटलं, म्हातारपण. चौथ्यांदा विचारलं तेव्हा त्याला काहीच वाटलं नाही, कारण तेवढ्यात पुढचं चाक दगडावरून घसरलं होतं आणि त्याचा जीव टांगणीला लागला होता.

मग फाटा आला. उजवीकडे नवी वाट गवतातून आत वळत होती. सरळ जाणाऱ्या जुन्या वाटेवर दोन खांबांना दोर बांधला होता आणि पाटी होती: 'कडा कोसळला आहे. पुढे जाऊ नये.' सासरे पाटीसमोर उतरले. त्यांनी शांतपणे दोर वर उचलला, सायकल खालून घेतली आणि पलीकडे जाऊन पुन्हा बसले.

"बाबा, अहो, पाटी आहे!"

त्यांनी मागे वळून बघितलं. चेहरा हसरा होता, डोळे मात्र जावयाला ओळखत नव्हते. "धाकट्या, चल लवकर. उशीर झाला तर आई ओरडेल."

धाकट्या म्हणजे सासऱ्यांचा लहान भाऊ. तापानं गेला त्याला पन्नास वर्षं झाली होती. बायकोनं एकदा जुन्या फोटोत दाखवला होता. आणि आई तर त्याहूनही आधी गेलेली.

सासूबाई फाटकापाशी कुणाच्या काळजीनं बोलल्या होत्या, ते त्याला त्या क्षणी कळलं.

सासरे पेडल मारत निघालेसुद्धा. तो दोराखालून कसाबसा घुसला, दोर पाठीला घासला, खरचटलं, आणि तो मागे धावला. सायकलवर बसायचं त्याला सुचलंच नाही. हँडल धरून तो नुसता पळत होता. वळणानंतर वाट सरळ होती, आणि शंभर पावलांवर ती संपत होती. वाट अर्धवट तोडलेल्या भाकरीसारखी तुटली होती, पलीकडे फक्त पाण्याचा चकाकता पत्रा. म्हाताऱ्याच्या डोक्यात मात्र साठ वर्षांपूर्वीची वाट अजून अखंड होती.

"बाबा! थांबा! बाबा!"

ऐकू जात होतं, पण ते 'बाबा' नव्हतेच त्या वेळी. दहा वर्षांच्या मुलाला कुणी बाबा म्हटलं तर तो कशाला थांबेल? छाती फुटायला आली होती. सासऱ्यांपुढे वाट पन्नास पावलं उरली. वीस. दहा. आणि मग त्याच्या तोंडून, कुठून कोण जाणे, निघालं:

"दादा! ए दादा! माझी चेन पडली!"

सासऱ्यांनी करकचून ब्रेक दाबले. मागचं चाक आडवं घसरलं, चार-पाच खडे कडेवरून खाली गेले. त्यांचा पडल्याचा आवाज आलाच नाही, इतकी खोली होती. ते एक पाय टेकवून उभे राहिले.

"एक काम धड येत नाही तुला," ते कुरकुरले, आणि सायकल तिथेच आडवी टाकून परत यायला लागले.

चेन जागेवरच होती. त्यानं खाली बसून बोटांनी ती ओढली. पहिल्यांदा ती निघेना. सासरे दहा पावलांवर आले तेव्हा एकदाची सुटली. त्यांनी त्याला बाजूला सारलं, सायकल उलटी केली, एका हातानं पेडल फिरवत दुसऱ्या हातानं चेन चढवली. पाच सेकंदांचं काम. तेवढ्यात त्यानं हळूच सरकून त्यांच्या आणि कड्याच्या मध्ये जागा घेतली. आता कडा त्याच्या पाठीशी होता. पोटऱ्यांना वारा लागत होता आणि मागे वळून बघायची छाती नव्हती.

काळे झालेले हात पुसत सासरे उठले. त्याच्या खांद्यावरून पुढे बघितलं, तुटलेली वाट बघितली, मग स्वतःची आडवी पडलेली सायकल. हळूहळू चेहऱ्यावरचा रंग उडाला. या माणसाला घाबरलेलं त्यानं कधी पाहिलं नव्हतं.

"जावईबापू... मी आलो इथे?"

"रस्ता चुकलो आपण. मीच नीट बघितलं नाही."

"खोटं बोलू नका." ते मटकन खाली बसले. समुद्राकडे बघत म्हणाले, "पहिल्यांदा नाही झालं हे. डेपोच्या रस्त्यावर झालं होतं एकदा. आतून सगळं पुसल्यासारखं होतं हो. घरी सांगू नका. माझी शप्पथ."

त्यांची सायकल आणायला तो कडेपर्यंत गेला. शेवटची तीन पावलं चक्क गुडघ्यांवर रांगत गेला आणि चाक धरून त्यानं ती मागे ओढली. परत येताना दोघंही पायीच आले, दोन्ही सायकली ढकलत. सासरे गवतातून आणि समुद्राच्या बाजूनं तो चालत होता आणि सगळी वाट त्याचा एक हात सासऱ्यांच्या शर्टाला धरलेला होता. त्यांनी तो झटकला नाही.

दुपारी कपडे वाळत घालताना त्यानं बायकोला सगळं सांगितलं. शप्पथ मोडल्याचं त्याला वाईट वाटलं, पण ती मोडली नसती तर झोप आली नसती. बायको ओला टॉवेल छातीशी धरून रडली. सासूबाई आतून बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "सहा महिने झाले. मला वाटलं, मीच सांभाळीन."

सासरे परतीच्या प्रवासात जावयाशी बोलले नाहीत. नंतर डॉक्टरांकडे जाणं झालं, तपासण्या झाल्या, गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी पुढचं पुसणं लांबतं, पुसलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं. महिन्याभरानं एके सकाळी सासऱ्यांनी त्याला फोन करून बोलावून घेतलं. त्यांनी दोन्ही सायकलींची चाकं काढून ठेवली होती.

"ही घेऊन जा. कुठे ठेवलीत ते मला सांगू नका. मी मागेन. मागितली तरी द्यायची नाहीत."

पुढच्याच रविवारी तो भेटायला गेला तेव्हा ते बूट घालून अंगणात उभे होते. "माझी चाकं कुठायत?"

"नाही देता येणार, बाबा."

"तू कोण रे मला सांगणारा?"

कड्यावर वाटली नव्हती इतकी भीती त्याला वाटली. तरी तो जागचा हलला नाही. सासरे ओरडले, दाराला लाथ मारली, मग दमून पायरीवर बसले आणि बूट काढायला लागले. नाडीची गाठ काही सुटेना. तो त्यांच्यासमोर खाली बसला आणि नखांनी ती सोडवू लागला.