खिळ्यांची वाटी

उदगीरला धान्याच्या मोंढ्यामागे त्याचं सोफे शिवायचं दुकान आहे. कात्री मांडीखाली, हातोडी उजव्या गुडघ्याशी आणि बारीक खिळे तोंडात असायचे, कारण हाताला त्याहून जवळची जागा नाही. जिभेने एकेक खिळा ओठांवर आणायचा आणि ठोकायचा. त्यामुळे काम करताना तो बोलत नसे, विचारलं तर मान हलवी.

मी रोज दुपारी तिथे बसायचो. एकदा म्हणालो, "बोल की रे, बायकूनं तोंड शिवलं का काय?" आणि पाठीवर थाप मारली. तो हसला, आणि खिळा पोटात गेला.

लातूरला नेऊन ऑपरेशन करावं लागलं. बायकोला त्याने सांगितलं, "डोळा लागला व्हता माझा." बाजारात अजून हसतात, "खिळे चघळत झोपतंय येडं." ते ऐकून मीही मान डोलावत आलो. तो झोपला नव्हता.

आता खिळे वाटीत असतात. प्रत्येक खिळ्याला हात वाटीपर्यंत जातो, काम रेंगाळतं, गिऱ्हाईक दुसरीकडे वळतं. मी गेलो की तो अजूनही म्हणतो, "बसा तात्या." मग वाटी उचलून माझ्यापासून दूर, पलीकडे ठेवतो. तिथे त्याचाही हात नीट पोचत नाही.