गेटपासवरचा कुरळ्या केसांचा आजोबा

माही फजिती मीच सांगून टाकतो, नाहीतर स्मृति नगरातले लोक तिखट-मीठ लावून सांगतीलच. पण आधी राग काढू द्या. हसाल मंग!

मले सांगा, लेकराले घरी न्यायले फोटो कायले पाहिजे? आम्ही पोलाद प्लांटच्या सेक्टर 10 च्या क्वार्टरमध्ये राहत होतो, तेव्हा माहा पोरगा कोणाच्या घरी जेवला अन् कोणाच्या घरी झोपला, हे मले दुसऱ्या दिवशी कळे! इथं? भाडं असं की नवरा-बायको दोघं राबले तरच छप्पर टिकते. अन् दोघं राबले तर पोर कोणी पाहावं, भाड्यानं घेतलेल्या भिंतींनी? गेटं हत्ती जाईल एवढाले, पण आतून "आण वो तिले इकडं" म्हणणारं एक माणूस नाही.

माह्या वरच्या मजल्यावर रुचा अन् स्वप्निल राहतात. दोघंही यवतमाळचे. इथं सख्खं नाही, चुलत नाही. चार वर्षांची पीहू पाळणाघरात. त्या दिवशी रुचाची शेजारच्या दुर्ग शहरात नोकरीची मुलाखत होती, स्वप्निल प्लांटमध्ये ड्यूटीवर.

"काका, चार वाजता पीहूले आणाल ना? ही नोकरी हुकली तर घर सोडावं लागन आमाले."

"तू बिनधास्त जाय वो!"

पाळणाघराच्या मॅडमनं पोरीले कोणी न्यायचं त्याचं फोटोवालं कार्ड पाहिलं, मले पाहिलं, पुन्हा कार्ड पाहिलं. "बाबूजी, ये आप नहीं हैं."

"मंग कोण आहे? माहं भूत?"

खरं सांगू? कार्डावर आजोबा म्हणून लावायले रुचानं फोटो मागितला, तर मी प्लांटच्या पहिल्या गेटपासवरचा देऊन टाकला होता. चोवीस वर्षांचा मी! कुरळे केस, मिशीले पीळ. आता डोक्यावर बशी ठेवली तर घसरते. पण म्हणून काय झालं? त्याच फोटोवर मी जन्मभर प्लांटात गेलो, कोण्या गार्डानं हूं केलं नाही!

मी असा भडकलो की गल्लीतले कुत्रे गप झाले. "तुमच्या कार्डाले लावा आग! पोरीले विचारा, पोरगी खोटं बोलन का?"

मॅडम वाकल्या. "बेटा, ये कौन हैं?"

"चोर!" पीहू खुशीत ओरडली.

आता काय करता! जिन्यात रोज चोर-पोलीस खेळताना मीच तिले शिकवून राहिलो होतो ना, मी कोण असं कोणी विचारलं तर चोर म्हणायचं! पोरगी शाबासकीसाठी माह्याकडं पाहत होती.

गार्डनं मले आत बसवून गेटले कुलूप घातलं. मॅडमनं रुचाले फोन लावला, "बच्ची को लेने चोर आया है." बिचारी मुलाखत अर्धी टाकून धावत आली. पाहते तं काय, काका लेकरांच्या पिवळ्या खुर्चीत फसलेले! मी हसलो. ती हसली नाही. पीहूले उचललं अन् गेली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मले स्वतःचा असा राग आला! दुसऱ्या दिवशी सकाळीच दुर्गले तिच्या त्या हापिसात पोचलो. गार्डले म्हटलं, "मुलाखतवाल्या मोठ्या मॅडमले सांग, काल रुचाच्या पोरीले न्यायले आलेला चोर मीच!"

बसवलं ना मले बाकावर! आधारकार्ड घरी. मंग सोडवायले कोण? फोन गेल्यावर धावत आली ती पुन्हा रुचाच.

गलका ऐकून मोठ्या मॅडम बाहेर आल्या. रायपूरच्या मराठी घरातल्या निघाल्या. मी भडाभडा सगळं सांगितलं, फोटो, जिना, खुर्ची. त्या हसू दाबत रुचाले म्हणाल्या, "आलीच आहेस, तर कालचे राहिलेले प्रश्न होऊन जाऊ दे. घरी लहान लेकरं किती?"

रुचानं माह्याकडं पाहिलं.

"दोन," म्हणाली. "लहानीले पाळणाघरात ठेवते. या मोठ्याले तिथं घेत नाहीत."